आज्ञावली एकाच यंत्राच्या दावणीला नको

आपल्याकडील कितीतरी शाळांच्या कार्यालयांत एक वृद्ध संगणक असतो आणि त्याला कोणी हात लावू देत नाही. त्याच्यावर निकालपत्रे तयार होतात, शाळा सोडल्याचे दाखले निघतात, वसतिगृहाच्या धान्याचा हिशेब राहतो. नवा संगणक घेण्याइतके पैसे अनेकदा असतात, देणगीदारही मिळतात. अडचण निराळीच असते. ती आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर किंवा प्रोग्रॅम म्हणतो ती, नव्या संगणकावर सुरूच होत नाही. ज्याने ती लिहिली तो गृहस्थ केव्हाच दुसऱ्या गावी गेलेला असतो, तिचा सोर्स कोड कोणाजवळ नसतो, आणि मग बारा-पंधरा वर्षांच्या नोंदींसाठी ते एक यंत्र कापडाने झाकून, पुसून, जपून ठेवावे लागते. माणसांनी यंत्राची सेवा करण्याचा हा प्रकार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही गैर आहे असेही आता कोणाला वाटत नाही.

स्मरणिकेत अशा विषयाला जागा मागण्याचे कारण एवढेच की आपले पुष्कळ माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात आहेत, आणि संस्थेसाठी काही करावे अशी त्यांची इच्छा असते. त्या इच्छेला एक दिशा असावी. माझे मत स्पष्ट आहे: संस्थेच्या उपयोगाची आज्ञावली कोणत्याही एका यंत्राशी, एका कंपनीशी, इतकेच काय, ब्राउझरशीही बांधलेली नसावी. हे पूर्वी बोलायला सोपे आणि करायला अवघड होते. आता ते करता येण्याजोगे झाले आहे.

प्रथम बांधिलकी येते कोठून ते पाहू. संगणकाच्या प्रोसेसरला त्याची स्वतःची एक बोली असते. कार्यालयातील टेबलावरच्या संगणकात बहुधा इंटेलच्या घराण्याची बोली चालते, तर खिशातील मोबाइलमध्ये एआरएम नावाच्या दुसऱ्या घराण्याची. माणूस ज्या भाषेत आज्ञावली लिहितो, तिचे भाषांतर करून या बोलीत उतरवावे लागते. एका बोलीत उतरवलेली आज्ञावली दुसऱ्या बोलीच्या प्रोसेसरला निरर्थक असते. त्यात विंडोज, लिनक्स अशा कार्यप्रणालींची भर पडली की गुंता वाढतो.

घरातील उदाहरण घ्यायचे तर सोर्स कोड म्हणजे ज्वारी. विशिष्ट प्रोसेसरसाठी केलेले भाषांतर म्हणजे थापून भाजलेली भाकरी: गरम, लगेच खाता येणारी, पण चार दिवसांच्या वाटेने पाठवण्यासारखी नाही. या दोहोंच्या मधली अवस्था म्हणजे पीठ. जे कष्टाचे काम ते गिरणीत एकदाच होते. पुढे चूल असो, स्टोव्ह असो की गॅस, ज्याच्या त्याच्या घरी भाकरी होते. संगणकाच्या जगात या पिठाला बाइटकोड म्हणतात. तो कोणत्याही खऱ्या प्रोसेसरच्या बोलीत नसतो. एका कल्पित, कागदावर नेमकेपणाने वर्णिलेल्या यंत्रासाठी तो लिहिलेला असतो, आणि प्रत्येक खऱ्या संगणकावर त्या कल्पित यंत्राचे सोंग वठवणारी एक लहान आज्ञावली ठेवली की काम भागते. तिला रनटाइम म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत केनेथ बोल्स यांनी पास्कल भाषेसाठी अशीच व्यवस्था उभी केली. तीही विद्यार्थ्यांसाठीच होती, हे आपण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाजारात तऱ्हेतऱ्हेचे छोटे संगणक येत होते, आणि शिकवण्याचे साहित्य दर वेळी नव्याने लिहिणे परवडणारे नव्हते. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, अमेरिकेतील इन्फोकॉम या छोट्या कंपनीने आपल्या शब्दखेळांसाठी झेड-मशीन नावाचे कल्पित यंत्र योजले. घरगुती संगणकांच्या डझनभर जाती तेव्हा एकमेकींशी फटकून होत्या. कंपनीने प्रत्येक जातीसाठी फक्त रनटाइम लिहिला. खेळ तेच राहिले. १९८९ मध्ये कंपनी बंद झाली, ते संगणक भंगारात गेले, पण त्या कल्पित यंत्राचे वर्णन हौशी मंडळींनी उकलून लिहून काढले होते. म्हणून ‘झॉर्क’ हा खेळ आजच्या मोबाइलवरही, मूळ बाइटकोडात एका अक्षराचाही फरक न करता, चालतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या आज्ञावलीचे आयुष्य तिच्या निर्मात्या कंपनीपेक्षा मोठे ठरले.

पुढे १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सची जावा आली. एकदा लिहा आणि कोठेही चालवा, ही तिची प्रतिज्ञा होती. जावाचा उगम घरगुती उपकरणांसाठीच्या प्रकल्पात झाला. ब्राउझरमध्ये ती नंतर शिरली, गाजली आणि तिथून बाहेरही पडली. मात्र ब्राउझरबाहेर ती खोलवर रुजली. मोबाइलमधील सिमकार्डावर बहुधा जावाचीच एक अगदी बारीक आवृत्ती चालते. अँड्रॉइड मोबाइलवर जी ॲप आपण उतरवून घेतो, त्यांचा मोठा भाग बाइटकोडच्या रूपातच येतो आणि मोबाइल आपल्या प्रोसेसरच्या बोलीत त्याचे भाषांतर करून घेतो. म्हणजे ज्या पालकांना हा विषय परका वाटत असेल, त्यांच्या हातातही ही वस्तू रोज असते.

मग दुःख कशाचे? दुःख मालकीचे. फ्लॅश आठवून पाहावे. एके काळी मुलांसाठीचे हलते-बोलते पाठ, प्रश्नमंजूषा, विज्ञानाच्या प्रयोगांची चित्रे यांतले बरेचसे फ्लॅशमध्ये असे. फ्लॅशच्या पोटातही बाइटकोडच होता आणि तोही अनेक यंत्रांवर चालत असे. पण त्याचा रनटाइम एकाच कंपनीच्या हाती होता. त्यात सुरक्षेची भोके वारंवार सापडत गेली, मोबाइलवर तो कधी नीट रुजला नाही, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने त्याचा आधार काढून घेतला. कंपनीचा निर्णय तिच्या दृष्टीने रास्त असेल. परंतु त्या दिवसानंतर कपाटातील सीडी सीडीच राहिल्या आणि त्यांतील पाठ मुके झाले. आज रफल नावाचा प्रकल्प स्वयंसेवकांच्या कष्टाने तो रनटाइम पुन्हा घडवतो आहे, आणि ब्राउझरमध्ये रफल ज्याच्या आधाराने चालतो ते वेबअसेंब्ली हाच या लेखाचा मुख्य विषय आहे. एका अस्त पावलेल्या बाइटकोडला दुसऱ्या बाइटकोडने खांदा दिला म्हणायचा.

यंत्रनिरपेक्षता टिकते ती यंत्राचे वर्णन सर्वांना खुले असेल आणि ते साकारणारे हात अनेक असतील तरच. आपल्या परिचयाचा दाखला पाली भाषेचा. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहिली जाते, म्यानमारमध्ये बर्मी, थायलंडमध्ये थाई, कंबोडियात ख्मेर, आणि आपण ती देवनागरीत वाचतो. कोण्या एका लिपीचा अस्त झाला असता तरी मजकूर बुडाला नसता. लिपी एकच असती, आणि तिचे लेखनिक एकाच राजाच्या पदरी असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

वेबअसेंब्लीची घोषणा २०१५ मध्ये झाली ती मुळात ब्राउझरसाठी. मोझिला, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल या एरवी एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या मंडळींनी तिच्या रचनेवर एकत्र काम केले, आणि २०१७ संपण्यापूर्वी चारही प्रमुख ब्राउझरांत ती आली. ५ डिसेंबर २०१९ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. तिचे कल्पित यंत्र अत्यंत साधे आहे. पहिल्या आवृत्तीत अंकांचे फक्त चार प्रकार, स्मरणजागा चौसष्ट किलोबाइटांच्या पानांनी वाढणारी, आणि आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच ती नियमात बसते की नाही याची तपासणी. महत्त्वाची गोष्ट ही की मानकाच्या मुख्य भागात ब्राउझर गृहीतच धरलेला नाही. ब्राउझरशी जोडणी कशी करावी हे निराळ्या दस्तऐवजात आहे. बाहेर पडण्याचे दार वास्तुरचनेतच ठेवलेले होते.

दार ओलांडल्यावर मात्र एक प्रश्न उभा राहिला. ब्राउझरमध्ये असताना बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण ब्राउझर करून देत होता. बाहेर फाइल कोण उघडून देणार, घड्याळ कोण दाखवणार, नेटवर्क कोण जोडणार? मार्च २०१९ मध्ये मोझिलाने यासाठी ‘वासी’ ही व्यवस्था मांडली. नाव इंग्रजी आद्याक्षरांचे आहे, आपल्या ‘निवासी’तील वासीशी त्याचे नाते नाही, पण घराबाहेर राहायला गेलेल्याला राहण्याचे नियम सांगणारी व्यवस्था असल्याने मला ते नाव शोभून दिसते. ही व्यवस्था २००८ मध्ये असती तर आम्हाला डॉकर निर्माण करण्याची गरजच पडली नसती, अशा आशयाचे उद्गार डॉकरचे एक संस्थापक सॉलोमन हाइक्स यांनी त्या वेळी काढले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाइटकोड अलायन्स हा संघ स्थापन झाला. आज वासमटाइम, वासमर, वासमएज असे एकमेकांपासून स्वतंत्र असे अनेक रनटाइम खुले उपलब्ध आहेत. अगदी लहान नियंत्रक चिपांसाठीही निराळे रनटाइम आहेत.

वासीतील जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगाची नाही, परवानगीची आहे. आपल्या नेहमीच्या संगणकावर एखादी आज्ञावली सुरू केली की तिला आपले सगळे हक्क आपोआप मिळतात. संगणककक्षातील एखाद्या मुलाने टंकलेखनाचा खेळ कोठून तरी आणून सुरू केला, तर त्या खेळाला त्याच संगणकावरील गुणपत्रिकांचे फोल्डरही वाचता येते. खेळाला गुणपत्रिकांशी काय कर्तव्य? पण दार उघडेच असते. आपल्या वसतिगृहात नवा मुलगा आला की त्याला त्याच्या कपाटाची किल्ली मिळते. कोठीघर, कार्यालय आणि मुलींच्या वसतिगृहाच्या किल्ल्यांचा जुडगा कोणी त्याच्या हाती देत नाही. तो मुलगा वाईट आहे असे कोणी मानत नाही. त्याला त्या किल्ल्यांचे काम नसते, एवढेच. वासीखाली चालणाऱ्या आज्ञावलीला सुरुवातीस एकही फोल्डर दिसत नाही. चालवणाऱ्याने ‘हे एक फोल्डर घे’ असे सांगितले तर तेवढेच तिच्यापुरते अस्तित्वात असते. मुलांची जात, उत्पन्न, आजार, पालकांचे पत्ते अशी नाजूक माहिती ज्या संस्थेच्या संगणकांत साठलेली असते, तिने या नियमाकडे दुर्लक्ष करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

अर्थात भिंत आहे म्हणजे चोरी अशक्य असे नव्हे. चालवणाऱ्याने कंटाळून अख्खी डिस्कच देऊन टाकली तर सगळी व्यवस्था फोल होते. रनटाइममध्येही दोष निघतात. २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर नावाच्या दोषाने तर प्रोसेसरच्या पातळीवरच भिंतीतून झिरपण होऊ शकते हे दाखवून दिले. तरीही फायरफॉक्सने डिसेंबर २०२१ मधील आपल्या ९५ व्या आवृत्तीत शब्दशुद्धी तपासणारा आणि फाँट हाताळणारा काही भाग या बाइटकोडमार्गे कंपाइल करून वेगळ्या कप्प्यात कोंडला, तो या शिस्तीवर विश्वास ठेवूनच. आणि यंत्रनिरपेक्षतेचा दाखला हवा तर ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओचा घ्यावा. त्यांचे ॲप ८,००० हून अधिक प्रकारच्या उपकरणांवर चालते, असे त्यांनी २०२२ मध्ये सांगितले होते, आणि त्यातील एक भाग त्यांनी वेबअसेंब्लीत हलवला. टीव्हीच्या प्रत्येक जातीसाठी निराळी आज्ञावली लिहिणे त्यांच्यासारख्या धनाढ्य कंपनीलाही नको वाटले. मग आपल्यासारख्यांनी काय म्हणावे?

येथे एक आक्षेप हमखास येतो. हे सगळे कशाला? संकेतस्थळ करा, ब्राउझर सगळीकडे असतो. हा आक्षेप ग्रामीण शाळेत फार काळ न राहिलेल्या माणसाचा असतो. संकेतस्थळाला कोठेतरी सर्व्हर लागतो, त्याचे भाडे दर वर्षी भरावे लागते, आणि ऐन निकालाच्या दिवशी नेट गेले की कार्यालय ठप्प. जुन्या संगणकावर नव्या ब्राउझरची स्थापनाच होत नाही, झाली तर स्मरणजागा पुरत नाही. ब्राउझरच्या पोटात साठवलेली माहिती एका बटणाने पुसली जाते. ब्राउझर हा उत्तम दिवाणखाना आहे, त्याला कोठीघर करू नये. शिवाय वेबअसेंब्लीत ही निवड एकदाच आणि कायमची करावी लागत नाही. गुण मोजणारा तोच भाग आज कार्यालयात ब्राउझरशिवाय आणि उद्या गरज पडल्यास संकेतस्थळावरही चालवता येतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ही व्यवस्था अजून पूर्ण झालेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये वासीची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि तिने पहिलीची मांडणी बरीच बदलली. खिडक्या, बटणे, छपाई यांसाठी ब्राउझरबाहेर सर्वमान्य सोय अद्याप नाही. वेग थेट प्रोसेसरच्या बोलीतील आज्ञावलीपेक्षा सहसा थोडा कमीच पडतो. जावाच्या प्रतिज्ञेवर जुने प्रोग्रॅमर ‘एकदा लिहा, सगळीकडे दुरुस्त करा’ अशी कोटी करीत, ती कोटी येथेही अगदीच गैरलागू नाही. म्हणून संपूर्ण कारभार आजच यावर न्यावा असे मी म्हणत नाही. पडद्यावर दिसणारा भाग दर पाच वर्षांनी बदलणारच. तो बदलू द्यावा. त्यामागचा हिशेब, नियम, तपासणी हा भाग मात्र बाइटकोडमध्ये राहावा आणि त्याचा सोर्स कोड संस्थेच्या कपाटात असावा.

त्याआधी माहितीची सोय लावली पाहिजे, हेही जाणकारांनी लक्षात घ्यावे. युनिकोडपूर्व काळात आपण मराठी ज्या फाँटांत टाइप केली, ती अक्षरे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर जुने अहवाल, जुन्या स्मरणिका उघडल्या की चिन्हांचा खच पडतो. मजकूर एका फाँटच्या दावणीला आणि आज्ञावली एका यंत्राच्या दावणीला, हे दुखणे एकाच जातीचे आहे. पहिल्यावर युनिकोडचा उपाय मिळाला, आणि तरीही कितीतरी संस्थांनी जुने साहित्य अजून बदलून घेतलेले नाही.

विद्यार्थ्यांविषयी दोन शब्द. संगणक साक्षरतेच्या नावाखाली आपण मुलांना बहुधा कोठे दाबायचे ते शिकवतो. दाबण्याची जागा पुढच्या आवृत्तीत बदलते. त्याऐवजी नववी-दहावीच्या मुलांना एक कल्पित यंत्र समजावून द्यावे. वेबअसेंब्लीचे यंत्र भोजनगृहातील ताटांच्या चळतीसारखे चालते: शेवटी ठेवलेले ताट आधी उचलायचे. पाटीवर सात लिहून ठेवा, तिच्यावर पाच लिहिलेली पाटी ठेवा, आणि ‘बेरीज’ म्हणताच वरच्या दोन पाट्या उचलून बाराची एक पाटी ठेवा. यंत्राचा गाभा एवढाच. हा खेळ वीज नसतानाही खेळता येतो. मग तीच ओळ संगणकावर मजकुराच्या रूपात लिहावी, बाइटकोडमध्ये बदलावी, आणि संगणककक्षात देणगीतून आलेल्या निरनिराळ्या जातींच्या संगणकांवर, कोणाच्या मोबाइलवर, एखाद्या रास्पबेरी पायवर तीच फाइल चालवून पाहावी. ज्या कक्षाला आपण भंगाराचा म्हणतो, तो या एका पाठासाठी नव्या कोऱ्या, एकसारख्या पंचवीस संगणकांच्या कक्षापेक्षा सरस आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे देशी प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत. नव्या प्रोसेसरला पहिली अडचण असते ती त्याच्यावर चालणाऱ्या आज्ञावलींची. ती अडचण दूर करणाऱ्यांत आपली मुले का नसावीत?

संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती बेताची आहे. कुलूपबंद टॅबलेट देण्यापूर्वी विचार करावा. त्यावर आपल्या मुलांनी लिहिलेले काही चालवता येते का, हे आधी विचारावे. संस्थेसाठी कोणी आज्ञावली लिहून देणार असेल तर सोर्स कोड, युनिकोडमधील साधी माहिती आणि बाइटकोड अशा तिन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. आणि आरंभ करायचाच तर निकालपत्रातील श्रेणी काढण्याच्या भागापासून करावा. तो सर्वांत लहान आहे, त्याला खिडकी लागत नाही, नेट लागत नाही. एका फोल्डरातून गुण वाचायचे आणि दुसऱ्यात श्रेणी लिहायच्या, एवढेच त्याचे काम. मूल्यमापनाचे नियम बदलले तर तेवढाच भाग बदलेल. पहिली काही वर्षे कार्यालयातील जुन्या संगणकाचे उत्तर आणि नव्या भागाचे उत्तर शेजारी ठेवून ताडून पाहावे, आणि सलग दोन निकाल जुळल्यावरच त्या म्हाताऱ्या यंत्रावरचे कापड काढावे.